पडदा चिकटला, पण नजर गेली : शस्त्रक्रियेनंतर डोळ्याचा रक्तपुरवठा कसा बंद पडतो?

कापूसकोंड्या (धागालेखक)

नमस्कार मंडळी. माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. आमचे गाव पांढरकवड्यापासून बरेच आत आहे आणि घरची कोरडवाहू शेती आहे. मागच्या वेचणीच्या दिवसांत वडिलांना उजव्या डोळ्यापुढे माश्या उडाल्यासारखे ठिपके दिसू लागले आणि अंधारात कडेला वीज चमकल्याचा भास होऊ लागला. फवारणीचे काहीतरी उडाले असेल असे समजून आम्ही औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालत राहिलो. आठवडाभराने नाकाच्या बाजूने काळी सावली वर चढू लागली, तेव्हा आम्ही त्यांना नागपूरला नेले. डोळ्याचा आतला, प्रकाश टिपणारा पडदा (रेटिना) फाटून सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पडदा जागी टेकून राहावा म्हणून डोळ्यात गॅस भरला आणि पालथे झोपण्याची सूचना देऊन दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली.

तिसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास डोळा आणि डोक्याची उजवी बाजू भयंकर ठणकू लागली. दोनदा उलटी झाली. कागदावर दिलेला क्रमांक मी चार वेळा लावला, पण कोणी उचलला नाही. गावातल्या डॉक्टरांनी पित्त झाले असेल म्हणून सुई दिली आणि त्यामुळे दुखणे थोडे कमी झाले, हेच आमचे दुर्दैव ठरले. पहाटेच्या बसने निघालो. दीडशे किलोमीटर आणि दोन गाड्या बदलून दुपारी पोहोचलो, तेव्हा डोळ्यातला दाब ५२ निघाला. दाब उतरवल्यावर डॉक्टर म्हणाले, "पडदा छान चिकटला आहे, पण त्याला रक्त पोहोचलेले नाही." आज तीन महिने झाले. त्या डोळ्याला फक्त हात हललेला कळतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पडदा चिकटलेला असताना रक्त कसे पोहोचत नाही? गेलेले काही परत येते का? आणि दुसऱ्या डोळ्याचे काय?

निवृत्त गुरुजी

वाचून फार वाईट वाटले. मी पस्तीस वर्षे सामान्य विज्ञान शिकवले. हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि परत आणते ती नीला, हे मी फळ्यावर लाल-निळ्या खडूने काढत असे. वर्गातली शेतकऱ्यांची पोरे हसत, कारण त्यांना रोहिणी म्हणजे मृगाच्या आधीचे नक्षत्र एवढेच ठाऊक. आपल्या वडिलांच्या बाबतीत डोळ्यातली रोहिणीच कोरडी गेली, असे दिसते. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

पदवीधर गाढव

माझ्या मामांचीही अशीच शस्त्रक्रिया झाली होती. पालथे झोपण्याचा त्रास त्यांना डोळ्यापेक्षा मोठा वाटत होता.

सिस्टर वर्धा

मी नेत्रकक्षात एकोणीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे थोडे मोठे लिहिते.

कापूसकोंड्या भाऊ, तुमच्या घरी जे घडले ते मी वेगवेगळ्या घरांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे, आणि त्यात "पित्त" हा शब्द जवळपास प्रत्येक वेळी असतो. डोळ्यातला दाब एकदम वाढला की त्याच बाजूचे डोके दुखते, मळमळते, उलटी होते. रुग्णाने दोन दिवस नीट जेवण केलेले नसते, पालथे झोपून पोट दाबलेले असते आणि वरून वेदनाशामक गोळ्या चालू असतात. घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना पित्तच आठवते, यात नवल नाही. म्हणून सुट्टी देताना मी नातेवाइकाला समोर बसवून सांगत असे की शस्त्रक्रियेनंतर थोडे टोचणे, पाणी येणे, पापणी सुजणे हे चालते, पण गोळी घेऊनही न थांबणारे दुखणे आणि उलटी हे डोळ्याचेच आहे असे धरून त्याच रात्री निघायचे.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. चांगला डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यासमोर बॅटरी लावायची, बंद करायची. डोळ्यात गॅस असेल तेव्हा सगळे धूसरच दिसते, बोटेही मोजता येत नाहीत, आणि त्यामुळे नजर गेली तरी रुग्णाला ते कळत नाही. पण उजेड लागला की विझला, एवढे तरी कळलेच पाहिजे. काल कळत होते आणि आज कळत नाही, असे झाले तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नये.

डोळस

सगळे ठीक आहे, पण मूळ मुद्दा बाजूला राहतो आहे. गॅस जास्त भरला असणार, फोन उचलला नाही, आणि आता "रक्त पोहोचले नाही" असे सांगून मोकळे झाले. ग्राहक आयोगात जा. बाकी चर्चेला अर्थ नाही.

कनिष्ठ निवासी

मी नेत्ररोगाचे पदव्युत्तर शिक्षण घेतो आहे. रुग्ण न पाहता कोणाची चूक होती हे मी सांगणार नाही. डोळस भाऊंनीही सांगू नये, अशी विनंती आहे. घडते कसे, तेवढे लिहितो.

डोळ्याच्या पडद्याला दोन बाजूंनी रक्त मिळते. एकाच वावराला विहिरीचे आणि कालव्याचे असे दोन्ही पाणी असावे, तसे. पडद्याच्या बाहेरच्या थरांना, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना, मागच्या कोरॉइड नावाच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून पोषण मिळते. आतल्या थरांना मात्र मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या मधोमध शिरणारी एकच बारीक रोहिणी रक्त देते आणि पुढे तिच्या शाखा पडद्यावर पसरतात. पडदा सुटतो तेव्हा पहिला पुरवठा तुटतो, कारण पडदा कोरॉइडपासून उचलला जातो. शस्त्रक्रिया करून आपण तो पुन्हा टेकवतो. पण दुसरी वाट, ती एकटी रोहिणी, डोळ्यातल्या दाबावर अवलंबून असते.

डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. रोहिणीतून रक्त आत यायचे तर तिच्यातला दाब यापेक्षा बराच जास्त हवा. डोळ्यातला दाब ५० च्या वर गेला की ठिबकच्या नळीवर पाय ठेवल्यासारखे होते : मोटार चालू आहे, टाकीत पाणी आहे, पण शेवटच्या झाडापर्यंत थेंब जात नाही. त्यात रुग्णाचा रक्तदाब मुळात कमी असेल किंवा झोपेत उतरला असेल, तर प्रवाह आणखी लवकर थांबतो. पडदा चिकटलेला असूनही आतला थर उपाशी राहतो तो असा. म्हणून तुमच्या डॉक्टरांची दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात.

दाब वाढण्याची कारणे अनेक असतात. पडद्याच्या शस्त्रक्रियेत सल्फर हेक्झाफ्लोराइड किंवा परफ्लुओरोप्रोपेन हे वायू हवेत मिसळून भरतात. पहिला साधारण दोन आठवडे आणि दुसरा सहा ते आठ आठवडे डोळ्यात राहतो. शुद्ध स्वरूपात पहिला फुगून दुप्पट आणि दुसरा चौपट होतो, म्हणून पहिल्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आणि दुसऱ्याचे १४ टक्क्यांच्या आसपास ठेवतात. प्रमाण त्याहून वाढले तर फुगवटा पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसतो. पण प्रमाण अचूक असूनही दाब वाढतो : सूज येऊन डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याची वाट बंद होते, रुग्ण पालथा न राहता उताणा झोपला तर गॅसचा फुगा भिंग पुढे ढकलतो, आणि काही लोकांचा दाब स्टिरॉइडच्या थेंबांनीही चढतो, मात्र तो सहसा काही आठवड्यांनी.

दुसरा प्रश्न. गेलेले परत येते का? सोहनसिंग हायरेह या भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या नेत्रतज्ज्ञाने माकडांवर प्रयोग करून दाखवले की ही रोहिणी पूर्ण बंद केली तर पडदा सुमारे ९७ मिनिटे तग धरतो, त्यानंतर नुकसान वाढत जाते आणि चार तासांनी ते बहुतांशी कायमचे होते. माणसात रोहिणी नेहमीच पूर्ण बंद होते असे नाही, थोडा झिरपा चालू असतो, म्हणून उशीर झाला तरी दाब उतरवतातच. पण तीन महिन्यांनंतर फार सुधारणेची आशा मी दाखवणार नाही. क्षमस्व.

डोळस

डॉक्टर साहेब, आपण समजावून सांगितले, ते मान्य. पण फोन न उचलणे ही गुंतागुंत नसते.

कनिष्ठ निवासी

ते मलाही मान्य आहे. त्याबद्दल तक्रार जरूर करावी, आणि कागद, वेळ व लावलेल्या फोनच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

संत्रावाला

मी वरुडचा. माझी शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीची होती. गॅस नाही, तर डोळ्याच्या गोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळतात ती. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तसा तो पट्टा, असे मला तेव्हा वाटले होते. डोळ्याची भिंत आत दाबली जाते आणि फाटलेला पडदा तिला टेकतो.

चौथ्या दिवशी डोळा लालभडक झाला, बुबुळावर धुके आल्यासारखे झाले आणि दुखणे असे की कपाळ भिंतीवर आपटावेसे वाटे. मला सांगण्यात आले की पट्ट्यामुळे डोळ्याच्या पुढच्या भागाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या दबल्या आहेत. पुन्हा भूल देऊन पट्टा सैल केला. धुके हळूहळू निवळले, पण बाहुली मात्र कायमची थोडी मोठी आणि वाकडी राहिली आहे. नातवंडे म्हणतात, आबांचा एक डोळा मांजराचा आहे. नजर आहे, संत्र्याचा बार मोजता येतो, आणखी काय हवे?

निवृत्त गुरुजी

संत्रावाले आबाजी, बार मोजता येतो पण भाव मिळत नाही, हे दुखणे डोळ्याच्या डॉक्टरांच्या आवाक्यातले नाही.

मेळघाटी

गॅसचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या साळ्याच्या डोळ्यात गॅस असतानाच चिखलदऱ्याला नात्यात लग्न निघाले. "मी गाडीत मान खाली घालूनच बसतो," असे म्हणत तो निघाला. परतवाडा सोडून घाट चढू लागलो तोवर तो गप्प होता. वर पोहोचायच्या आधीच त्याने दोन्ही हातांनी डोळा धरला आणि समोरचे काळे झाले असे म्हणू लागला. आमच्याच गाडीत एक आरोग्यसेविका होत्या, त्यांनी गाडी फिरवायला लावली. परतवाड्याला उतरेपर्यंत दुखणे निम्मे झाले आणि उजेडही दिसू लागला. तिथून अमरावती गाठली आणि डोळा वाचला. लग्नात आहेर पोहोचला नाही म्हणून त्या घरचे अजून रुसलेले आहेत, ते वेगळे.

घाट चढल्याने एवढा फरक पडतो का, हे मला अजून कळलेले नाही.

कनिष्ठ निवासी

पडतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. पायथ्यापासून तिथवर चढताना बाहेरच्या हवेचा दाब साधारण ८ टक्क्यांनी उतरतो आणि डोळ्यातला गॅस तेवढाच फुगू पाहतो. डोळ्याची मागची पोकळी जेमतेम ४ मिलिलिटरची असते. तिच्या ८ टक्के म्हणजे सहा-सात थेंब. बाहेर ते काहीच नाही, पण बंद डोळ्यात तेवढी जागा तास-दीड तासात कुठून आणायची? विमानात तर केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, म्हणून गॅस पूर्ण जिरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो. पुण्या-मुंबईची मुले आईवडिलांना लवकर पोहोचावे म्हणून नागपूरहून विमानाचे तिकीट काढून देतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

तसेच गॅस असताना दुसऱ्या कुठल्या कारणाने पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगावे. भुलीतला नायट्रस ऑक्साइड त्या फुग्यात शिरतो आणि तो झपाट्याने फुगतो.

सिस्टर वर्धा

म्हणूनच आम्ही रुग्णाच्या मनगटाला "डोळ्यात गॅस आहे" अशी पट्टी बांधत असू. घरी गेल्यावर बायाबापड्या ती धागा समजून देवापुढे सोडून ठेवत.

गावरान उपाय

आमच्याकडे अशा वेळी पांढऱ्या कांद्याचा रस आणि मध समप्रमाणात घेऊन डोळ्यात घालतात. रक्तप्रवाह मोकळा होतो. करून पाहावे.

निवृत्त गुरुजी

करून पाहू नये. नुकत्याच उघडलेल्या डोळ्यात स्वयंपाकघरातले काहीही घातले तर जंतुसंसर्ग होऊन उरलेलेही जाईल. कांदा झुणक्याबरोबर उत्तम लागतो, त्याचे तेवढेच काम राहू द्यावे.

पैनगंगेकाठची

माझा अनुभव थोडा निराळा आहे. आईला १८ वर्षांपासून मधुमेह. तिचा पडदा फाटून नव्हे, तर मधुमेहाने तयार झालेल्या जाळ्यांनी ओढला जाऊन सुटला होता. डोळ्यात सिलिकॉन तेल भरले. पडदा बसला आणि आम्ही पेढे वाटले. दोन-अडीच महिन्यांनी तिचा डोळा लाल झाला आणि दुखू लागला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून सांगितले की बुबुळामागच्या रंगीत पडद्यावर नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवल्या आहेत आणि त्यांनी पाण्याची वाट बुजवली आहे. म्हणजे इथे आधी रक्त कमी पडले आणि त्यामुळे दाब वाढला. कापूसकोंड्या दादांच्या वडिलांच्या नेमके उलटे. रक्त कमी पडलेला पडदाच नव्या वाहिन्यांना हाका मारतो, पण त्या येतात त्या तणासारख्या, असे मला समजावण्यात आले. इंजेक्शन आणि लेझर झाले. नजर पूर्वीइतकी नाही, पण घरात ती एकटी फिरते.

एक प्रश्न आहे. आई हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेते. पुढच्या महिन्यात तेल काढायचे आहे. शेजारच्या बाई म्हणतात, आठ दिवस आधीपासून गोळी बंद कर. करावी का?

कनिष्ठ निवासी

ताई, स्वतःहून एकही दिवस बंद करू नका. पडद्याच्या अनेक शस्त्रक्रिया ॲस्पिरिन चालू ठेवूनही करतात. काही औषधांच्या बाबतीत रक्ताची तपासणी करून निर्णय घ्यावा लागतो आणि तो हृदयाच्या व डोळ्याच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. रक्तस्रावाची भीती खोटी नाही. कोरॉइडच्या मागे अचानक रक्त साठणे ही दुर्मीळ पण भयंकर गुंतागुंत असते आणि वय, वाढलेला रक्तदाब, मोठ्या उणे नंबरचा चष्मा यांनी ती संभवते. पण गोळी बंद करून हृदयविकाराचा झटका आला, तर डोळा वाचवून काय उपयोग? रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या वाढवू नयेत, कमी करू नयेत.

तुम्ही आईच्या बाबतीत लिहिलेला क्रम अगदी बरोबर आहे. रक्तपुरवठा तुटलेल्या कुठल्याही डोळ्यात पुढचे काही महिने असल्या वाहिन्या उगवू शकतात, म्हणून कापूसकोंड्या भाऊंनी "आता काय उरले आहे" असे म्हणून तपासण्या सोडू नयेत. नजर नसलेला डोळाही दाब वाढल्यावर ठणकतो.

वैनगंगा

मी आरमोरीकडची आहे. एवढे सगळे लिहिले गेले, पण आपल्या भागातला एक प्रश्न कोणीच विचारला नाही, याचे आश्चर्य वाटते. कापूसकोंड्या दादा, वडिलांची सिकलसेलची तपासणी झाली होती का?

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेलचा आजार आहे. २६ व्या वर्षी त्याचा पडदा सुटला. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. डोळ्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या त्यांनी तुंबतात, मग तिथे पंख्यासारख्या नव्या वाहिन्या फुटतात, त्यातून रक्त येते आणि शेवटी पडदा ओढला जातो. नागपूरच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी त्याचा इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे सिकलसेल पक्का सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, कागद मागून घेतला आणि पट्टा आवळण्याची पद्धत टाळली, कारण अशा रुग्णांत पट्ट्याने डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तप्रवाह बंद पडण्याचा धोका जास्त असतो. प्राणवायू आणि सलाइन चालू ठेवले. डोळ्याचा दाब उतरवण्यासाठी एरवी देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळीही जपून वापरावी लागते, कारण तिने पेशी आणखी वाकू शकतात, असे त्यांनी सांगितले. आज तो मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो, तेही बारीक स्क्रू काढत.

१ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे आणि आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून शाळांमधून तपासण्या होत आल्या आहेत. तरी डोळा दाखवायला जाताना ते कार्ड कोणी सोबत नेत नाही. डोळ्याचा आणि रक्ताचा काय संबंध, असेच वाटते.

सिस्टर वर्धा

वैनगंगा ताई, आपण अगदी नेमके लिहिलेत. आमच्या कक्षात पुढे पुढे हा प्रश्न सगळ्यांना विचारत असू, पण गर्दीच्या दिवशी राहून जात असे, हेही कबूल करते.

कापूसकोंड्या

तीन दिवस उत्तर दिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. तुरीची कापणी चालू आहे.

वैनगंगा ताईंचा प्रश्न वाचला आणि मी सरळ उठून आईची पत्र्याची पेटी उघडली. माझी लहान बहीण आठव्या वर्गात असताना शाळेत रक्त तपासले होते. त्यात ती वाहक निघाली होती, म्हणजे आजार नाही पण आईवडिलांकडून आलेला तो दोष रक्तात आहे, आणि तिला कार्ड मिळाले होते. तेव्हा सांगितले होते की आईवडिलांपैकी कोणीतरी वाहक असणार, दोघांनीही तपासून घ्या. आई एकदा जाऊन आली, तिची तपासणी निर्दोष निघाली. वडील "मला काय होते" म्हणून गेले नाहीत. आई निर्दोष म्हणजे कोण, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवे होते. परवा ग्रामीण रुग्णालयात वडिलांचे रक्त दिले. पहिल्या चाचणीत सिकलसेल निघाले आहे, पक्का अहवाल यायचा आहे.

यामुळेच डोळा गेला का?

कनिष्ठ निवासी

असे कोणी सांगू शकणार नाही. वाहक व्यक्तीला सहसा काहीही त्रास नसतो आणि वाहकांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रिया बहुतेकदा सुरळीत होतात. मात्र डोळ्यात रक्त उतरले किंवा दाब वाढला, तर वाहकाच्या बाबतीतही आम्ही कमी दाबालाच सावध होतो आणि लवकर उतरवतो. ५२ हा दाब बारा-चौदा तास राहिला असेल, तर त्याला सिकलसेलची मदत लागत नाही. पण पुढे कुठलीही शस्त्रक्रिया असेल तर पहिल्याच पानावर हे लिहून घ्या.

आणि दुसऱ्या डोळ्याबद्दल अजून कोणीच उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो. एका डोळ्याचा पडदा फाटून सुटला असेल तर दुसऱ्याचा धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो. बाहुली मोठी करून कडेपर्यंत पाहून घ्या. कुठे पातळ जागा किंवा छिद्र असेल तर त्याभोवती लेझर करून घेता येते. शेताला आग लागू नये म्हणून धुऱ्याभोवती पट्टा मोकळा करतात, तसेच ते आहे.

पदवीधर गाढव

विषयांतर करतो, पण पालथे झोपण्याचे तुम्ही काय केले? मामा उशीत तोंड खुपसून दोन दिवस राहिले आणि तिसऱ्या दिवशी रागावून उठले.

कापूसकोंड्या

विषयांतर नाही. कोणाला तरी उपयोग होईल. आमच्याकडे सुतळीची बाज होती. वडिलांनी स्वतःच सुतळ्या दोन्हीकडे सरकवून तोंडापुरती फट करायला लावली आणि कडेला जुन्या लुगड्याची घडी बांधली. खाली सारवलेल्या जमिनीवर आई परातीत चहाचा पेला ठेवत असे आणि ते नळीने पीत. दोन दिवस त्यांनी त्या फटीतून मुंग्यांची रांग पाहिली, चांगल्या डोळ्याने. उजव्या डोळ्यात काय दिसते असे विचारले की म्हणत, "गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा हलतो तसे." तिसऱ्या रात्री म्हणाले की बुडबुडा दिसत नाही. तो जिरला असेल असे मला वाटले आणि बरेच वाटले.

सिस्टर वर्धा

भाऊ, हे वाक्य मी आमच्या नव्या मुलींना वाचून दाखवणार आहे. बुडबुडा तिसऱ्या दिवशी जिरत नाही. तो एकदम दिसेनासा झाला तर दिसणेच थांबले आहे, हे आम्ही कुठल्याच कागदावर लिहिलेले नव्हते. आम्ही फक्त "दुखल्यास यावे" एवढेच लिहीत असू.

डोळस

मी पहिल्या दिवशी घाईने लिहिले. तक्रार मात्र करावी, हे मत कायम आहे. रात्री उचलला जाईल असा क्रमांक देणे एवढीच मागणी ठेवली तरी चालेल. मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे.

कापूसकोंड्या

डोळस भाऊ, आभारी आहे. मसुदा पाठवावा.

मंगळवारी वडिलांना दुसऱ्या डोळ्यासाठी नेऊन आणले. सरकारी आरोग्य योजनेत काय बसते ते तिथल्या आरोग्यमित्राने समजावून सांगितले. डाव्या डोळ्यात वरच्या कडेला पातळ जागा आणि एक बारीक छिद्र निघाले. त्याच दिवशी लेझर झाले आणि संध्याकाळी परत निघालो. रक्ताचा अहवालही आला : वाहक. मी आणि धाकटा भाऊ सोमवारी रक्त देणार आहोत, कारण त्याचे लग्न ठरवायचे आहे आणि मुलीकडच्यांनाही तपासणी करायला सांगणार आहोत.

आता वडील रोज सकाळी ओट्यावर बसून उजवा डोळा तळहाताने झाकतात आणि धुऱ्यावरच्या पळसाकडे पाहतात. पळसाच्या मागे विजेचे तीन खांब आहेत. तिन्ही दिसले की चहा मागतात.